चौथी नळी

किसुमूच्या पाणी-तपासणी खोलीत
पंखा फिरतो तो आवाजापुरता.
अपोंडीसमोर स्टँडवर सहा परीक्षानळ्या,
प्रत्येकीत नऊ मिलीलीटर निर्जंतुक पाणी,
आणि शेजारी स्टुलावर बहिणीची मुलगी अडोयो,
गणिताच्या वहीत बोट एका ओळीवर अडकलेलं:
दहाचा दुसरा घात भागिले दहाचा पाचवा घात.

"पाया एकच असेल तर घात वजा करायचे,"
ती पाठ म्हणते, "दोन वजा पाच, उणे तीन.
पण मावशी, दहाला उणे तीन वेळा गुणायचं कसं?
तीन वेळा हात न लावून?"

अपोंडी हसत नाही. हा प्रश्न एकेकाळी तिचाही होता.
ती आडवी रेघ ओढते. वर दोन दहा, खाली पाच.
वरचा एक खोड, खालचा एक खोड.
पुन्हा.
वर काय उरलं?
"काही नाही."
नीट बघ. दहा भागिले दहा.
"मग... एक."
आणि खाली?
"तीन दहा."
म्हणजे ते तीन कुठे गेले नाहीत.
उणे एवढंच सांगतं की
त्यांचं घर रेघेखाली आहे.

मग ती पिपेट उचलते.
सकाळी धक्क्यावरून आणलेलं, जलपर्णीच्या मुळांचा वास असलेलं पाणी,
त्यातलं एक मिलीलीटर पहिल्या नळीत.
हलव. पहिलीतून दुसरीत. हलव. दुसरीतून तिसरीत.
दर उतरणीला दहावा हिस्सा.
चौथीत पाणी इतकं नितळ
की अडोयो म्हणते, यात आता काय असणार?

मी ज्या भाषेत हे लिहितो तिच्यात
या घातांकाला ऋण म्हणतात,
आणि ऋण म्हटलं की आम्हाला देणेकरी दिसतो,
घात म्हटलं की पाठीमागून आलेला कुणी.
अपोंडीला यातलं काही ठाऊक नाही.
तिच्यासाठी तो नळीवरच्या चिकटपट्टीवर
मार्करनं लिहिलेला पत्ता:
दहा, डोक्यावर उणे चार.

दोन दिवसांनी, चौथीतलं एक मिलीलीटर ओतलेल्या बशीत,
ठिपके.
अडोयो पेनच्या टोकानं मोजते. त्रेचाळीस.
पुन्हा मोजते, बेचाळीस. चिडून तिसऱ्यांदा, त्रेचाळीस.
"जितक्या पायऱ्या उतरलो, तितक्या आता चढ."
चारशे तीस.
चार हजार तीनशे.
त्रेचाळीस हजार.
चार लाख तीस हजार.
"एवढे सगळ्या तलावात?"
एका मिलीलीटरमध्ये.

ती गप्प होते. मनगटानं ओठ पुसते,
जणू रविवारी त्याच धक्क्यावर प्यायलेली ओंजळ
अजून ओली आहे.

संध्याकाळी दोघी फलक लावायला जातात.
त्यावर घात नाही, पाया नाही,
ठळक अक्षरांत एवढंच: उकळून प्या.
अडोयो खिळ्यांची डबी धरून उभी.
"पाचव्या नळीच्या बशीत किती आले असते?"
चार.
"चार पूर्णांक तीन," ती दुरुस्त करते.
ठिपके अपूर्णांकात येत नाहीत, अपोंडी म्हणते,
आणि दुसरा खिळा मागते.