कोमट लोखंड

पहाटे पावणेतीन.
पो नदीचं धुकं अंगणात शिरून
आमची गाडी गिळून दाराशी बसलेलं.
बोळात बापूजी पगडीची घडी घालताहेत.
दुसरं टोक धरायला पूर्वी मी असायचे,
उभ्या उभ्या झोपलेली.
आता ते टोक दाराच्या मुठीला बांधलेलं असतं.

एकशे चाळीस गाई, सिन्योरा आर्देलियाच्या.
कानांत पिवळे बिल्ले, बिल्ल्यांवर आकडे.
बापूजींनी मात्र त्यांना नावं दिली आहेत
होशियारपूरकडच्या आत्या-मावश्यांची,
आणि एका चिडक्या गाईला माझं.

पाठ सुरू होतो गोठ्याच्या उंबऱ्यावर,
यंत्राच्या घरघरीखाली, ओठांपुरता.
यंत्र लावण्याआधी पहिल्या चार धारा हातानं काढायच्या,
एखादीनं लाथ झाडली की ओळ तिथंच तुटते,
"बस बस, बीबी," म्हणत ते तिची पाठ थोपटतात
आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून.
काही पहाटे एकच ओळ सात-सात वेळा होते.
मी एकदा विचारलं, हे मोजतं का कुणी?
म्हणाले, गाय मोजते.

पण मला सांगायचंय ते कड्याचं.
जानेवारीत लोखंड असं गारठतं
की मनगटाची कातडी त्याला चिकटून यावी.
सडाला लागलं की जनावर दचकतं, पान्हा चोरतं.
मालकीणबाई म्हणाल्या, अजैब, काढून ठेव ना खुंटीला.
बापूजी नुसते हसले.
तेव्हापासून कामाआधी ते हात
गरम पाण्याच्या नळाखाली धरतात,
मग काखेत,
कडं कोमट होईस्तोवर.
दोन-तीन मिनिटांचं काम.
वीस वर्षं झाली.
घरात कधी विषयही निघाला नाही,
मला दिसलं ते एका सुट्टीत, शेण ओढताना,
आणि तेव्हाही वाटलं, संधिवात असेल.

मी तशी धर्माला कच्ची.
सतराव्या वर्षी केस कापले.
आई तीन दिवस बोलली नाही.
चौथ्या दिवशी बापूजींनी विचारलं,
तुला आता लहान कंगवा लागेल ना?
आणि बाजारातून आणलाही, लाकडी.

क्रेमोनाच्या इस्पितळात रात्रपाळी करते मी.
मागच्या आठवड्यात अकरा नंबरच्या खाटेवरचे आजोबा
छातीला स्टेथोस्कोप लागताच शहारले.
मी तो उचलला, काखेत धरला, थांबले.
वॉर्डात चार घंट्या वाजत होत्या.
त्यांनी विचारलं, काय करतेयस, पोरी?
इटालियनमध्ये उत्तर सुचेना.
पंजाबीतही.

रविवारी गुरुद्वारा. पूर्वी तिथं चीजचं गोदाम होतं,
दमट हवेत भिंती अजून त्याचीच आठवण काढतात.
ज्ञान कौर, दोन्ही गुडघे गेलेल्या,
खुर्चीत बसून पन्नास किलो कांदे चिरतात.
वर्षभरापूर्वी मुलगा ट्रकखाली गेला त्यांचा.
कुणी डोळ्यांकडे पाहिलंच
तर चाकूनं कांद्याकडे बोट दाखवतात.
मी शेजारी बसते, सालं गोळा करते.
त्या मला काही शिकवत नाहीत,
फक्त पातेलं थोडं माझ्याकडे सरकवतात.

बापूजी सकाळच्या धारा उरकून येतात, मत्था टेकतात,
खांबाला पाठ लावतात,
आणि रागी बाजाचा भाता उघडायच्या आत झोपतात.
तोंड किंचित उघडं, अंगाला गोठ्याचा वास.
लहानपणी मी लांब जाऊन बसायचे,
दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखी.

आता मी त्यांच्या हातांकडे बघते.
मांडीवर पडलेले ते दोन्ही हात झोपेतच चालू असतात.
आवळ, सोड. आवळ, सोड.
तबल्याचा ठेका वेगळा, यांचा वेगळा.
नाम चाललंय की दूध,
मी अजून ओळखू शकलेले नाही.