छप्पर

छप्पर बघ, घर कळतं, म्हणायचा आयनो.
छप्पर म्हणजे ओव्हनचं, आतलं,
जिथे कुणी पुसत नाही.
बोटं फिरवून सांगायचा:
सॉस उडालेला, म्हणजे पोरंबाळं.
लोणी, म्हणजे पाहुणे फार.
काहीच नाही, म्हणजे एकटं कुणी,
नुसती कॉफी गरम करणारं.

एकाहत्तर साल, डलूथ.
सरोवरावरून वारा असा सुटायचा
की व्हॅनचं दार दोघांनी धरावं लागे.
टॉस्टरूड बाईंकडे आम्ही पहिला मायक्रोवेव्ह पोचवला.
वजन वासराएवढं,
किंमत त्यांच्या नवऱ्याचा तीन आठवड्यांचा पगार,
तोही खनिजाच्या धक्क्यावर, रात्रपाळीचा.

शेजारणी आल्या होत्या. सहाजणी, भिंतीला टेकून.
एकीला पाचवा महिना, तिनं पोटावर पर्स धरलेली.
मी कपभर पाणी ठेवलं. आत दिवा लागला.
जाळ नाही, धग नाही, वास नाही,
नुसती गुणगुण,
फ्रिजला कणकण आल्यासारखी.
मग टिंग.
पाणी उकळलेलं, कपाचा कान गार.
टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.
पर्सवाली म्हणाली, "आता हे पिणार कोण?"
आयनो प्यायला.

त्याची त्या नळीशी जुनी ओळख होती.
युद्धात, जहाजाच्या पोटात बसून
त्यानं मॅग्नेट्रॉनच्या जोरावर धुक्यापलीकडे पाहिलं होतं.
हिरव्या पडद्यावर ठिपका.
ठिपका म्हणजे विमान. विमान म्हणजे पाच-सहा पोरं.
इथवर सांगून तो स्क्रूड्रायव्हर पुसायला घ्यायचा.
"आता बटाटा उकडते. बरं झालं."
त्याच्या स्वतःच्या घरी शेवटपर्यंत लाकडाची चूल.

पुढची वर्षं मला बिलांवरून आठवतात.
सोनेरी काठाची बशी, लग्नातली, आत ठिणग्या.
फुटलेलं अंडं, दाराची बिजागरी.
ओले मोजे वाळवणारा एक विद्यार्थी, त्याचं नाव लिहून घेतलं नव्हतं.
फिरवायची चकती गेली, बटणं आली.
घटस्फोटात एक ओव्हन दोनदा पोचवला,
आधी त्याच्या खोलीवर, मग परत तिच्याकडे.
आणि एक दिवस नवा घेणं
माझ्या फेरीपेक्षा स्वस्त झालं.

गेल्या हिवाळ्यात मुलगी आली टॉस्टरूड बाईंची.
तिच्या गाडीच्या डिकीत तोच,
वासराएवढा.
"आई गेली. हा सुरू होतो का बघता?"
होत नव्हता. ती नळी आता कुणी बनवत नाही.
तसं सांगितलंही.
तरी सवयीनं हात आत घातला, वर बोटं फिरवली.

डाग नव्हता. पण कोरंही नव्हतं ते छप्पर:
पुसून पुसून रंग उडालेला,
खालचा पत्रा हाताला लागत होता,
चार बोटांएवढा, गुळगुळीत.
आयनो, हे तू सांगितलं नव्हतंस.
मी मुलीकडे बघितलं.
ती बाहेर बर्फात उभी राहून
डिकीतला रग झटकत होती.