दोन दातांची खूण

पहिल्यांदा सुरण गेला.
वाफ्यात वीतभर खड्डा, नाकाडाने उलथलेला नव्हे,
कोरून काढलेला, जणू पळीने.
शेजारचे निरगुडे म्हणाले, डुक्कर.
इंदुमती म्हणाली, घूस.
मी काहीच म्हणालो नाही.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या करकरीत नोटांतली खोट शोधली मी:
केसभर सरकलेली शाई,
एखादा आकडा जरा पोटात गेलेला.
बघितल्याशिवाय बोलायचं नसतं.

भिंग काढलं. विकतचं. प्रेसमधून टाचणीही बाहेर येत नाही.
शेवग्याच्या बुंध्याशी ओणवा झालो.
साल दीड वितीपर्यंत सोललेली,
वर एक ओरखडा नाही, म्हणजे चढणारा नव्हे.
उघड्या लाकडावर दोन-दोन खाचा, शेजारी शेजारी,
पटाशीने मारल्यासारख्या.
डुकराचा दात असा लिहीत नाही.
धुळीत लांब नखांचं पाऊल
आणि पावलामागे बारीक रेघोट्या,
कोणी खराटा ओढत गेल्यागत.
कुंपणाखाली, जिथून पावसात नाला आत शिरतो,
ये-जा करून गुळगुळीत झालेलं भोक,
आणि तारेला अडकलेला काटा:
काळा, पांढरा, काळा, पांढरा.
उजेडासमोर धरला, सवयीने.
अस्सल. साळिंदर.

मग वडनेरच्या आमच्या गल्लीत
ज्याला त्याला अक्कल फुटली.
तारेत करंट सोडा. गुळात औषध घाला.
दूधवाला म्हणाला, जपून हां काका, काटे फेकून मारतो.
वनरक्षक फसाळेबाई स्कूटीवरून आल्या,
हेल्मेट न काढताच भोक बघितलं, हसल्या.
"फेकत बिकत नाही हो. पाठमोरा होऊन अंगावर येतो, मग घुसतात.
आणि करंट लावलात तर आधी तुमच्यावर केस करीन मी.
जाळी पुरा. दीड फूट खोल,
खालचं टोक बाहेरच्या अंगाला वळवा.
तो जाळीला चिकटूनच उकरतो, मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही.
बुंध्यांना पत्रा. पडलेले पेरू रात्री ठेवायचे नाहीत.
आणि हत्यारं घरात."
हत्यारं कशाला, ते मी विचारलं नाही.

इंदुमतीने काटा हळदीच्या पाण्यात धुतला.
केतकीला आठवा लागतोय.
"माझ्या अठांगुळ्याला सासूबाईंनी
साळूच्या काट्यानेच भांग पाडला होता,
कळवणहून मागवला होता मुद्दाम."
फोनवर केतकी म्हणाली, आई, इन्फेक्शन!
काटा देव्हाऱ्यात आहे अजून,
उदबत्तीच्या घराशेजारी.

चार दिवस मुरूम खोदला.
तळहाताचे फोड फुटले, पुन्हा आले.
पाचव्या संध्याकाळी शेवटची तार पिळली
आणि कुदळ विसरलो बाहेर,
जाळीपलीकडे.

सकाळी जाळी शाबूत. रताळ्याचे वेल शाबूत.
कुदळीचा दांडा मात्र,
जिथे माझी मूठ बसते नेमका तिथे,
बोटभर कुरतडलेला.
दोन-दोन खाचा.
फसाळेबाईंना फोन लावला.
"मिठासाठी हो. घाम मुरतो ना लाकडात.
म्हणून तर सांगितलं होतं."

एकतीस वर्षं दर थोड्या वेळाने हात पुसले,
कागदावर घाम उतरू नये म्हणून.
किती लाख नोटा गेल्या हातांखालून, देशभर फिरल्या,
एकीवरही मी नाही.
आणि हा कोण कुठला, वालदेवीच्या काठाने अंधारात
काटे खुळखुळवत येतो
आणि चाखून बघतो
नेमकं माझं.

नवा दांडा घातला, बाभळीचा.
जुना बंबात घालणार होतो.
थोडा वेळ हातात धरून बसलो,
मग तिन्हीसांजेला, नाल्याच्या उतारावर,
जाळीपासून चांगला लांब
ठेवून आलो.

निरगुड्यांना सांगितलेलं नाही.