चार लाल फुल्या

संघमित्रा खरात, वय चोवीस, उगवण विभाग.
भेंडीचं बी ओल्या कागदावर मांडते,
शंभर, पुन्हा शंभर, असं चारदा,
गुंडाळी करून कपाटात उभी ठेवते.
एकविसाव्या दिवशी उघडून मोजायचं:
उगवलेलं, वाकडं उगवलेलं, कुजलेलं,
आणि एक रकाना कठीण बियांचा.
उगवलं नाही, मेलंही नाही.

माझ्या टेबलापाशी आली तेव्हा सातवा सरला होता.
खुर्ची सरकवली तरी उभीच.
"मॅडम, मला किती बसतील?"

मी पगाराची कारकून. जालन्याच्या एमआयडीसीत एकोणीस वर्षं
लोकांच्या दिवसांना पैसे लावते.
कॅल्क्युलेटर माझा स्वतःचा, पर्समध्ये असतो,
तीनचं बटण चिकटतं, दोनदा दाबावं लागतं.

हे बघ, म्हटलं.
रजेआधीचे तीन महिने धरायचे.
जितके दिवस भरलेस तितक्यांचा पगार,
भागिले तितकेच दिवस.
ही झाली एका दिवसाची सरासरी.
तिला एकशे ब्याऐंशीनं गुणायचं,
सव्वीस आठवडे, रविवारसकट.
"रविवारचे पण?"
रविवारचे पण.
तेव्हा ती बसली.

चारशे तीस गुणिले एकशे ब्याऐंशी,
अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे साठ.
तिनं आकडा तळहातावर लिहिला
आणि मूठ मिटली.

मग मी मस्टर उघडलं, जे आधी उघडायला हवं होतं.
वर्षात ऐंशी दिवस भरलेले लागतात.
बोराडे ठेकेदाराच्या मस्टरात सत्त्याहत्तर.
ऑगस्टात चार लाल फुल्या, अकरा ते चौदा.
"पंचमीला माहेरी गेली असंल," बोराडे फोनवर,
"तीन दिवसांसाठी काय डोकं खाता, बाई."

तीन दिवसांसाठी.
माझ्या वेळी बाराच आठवडे होते.
पंच्याऐंशीव्या दिवशी, ओल्या ब्लाउजवर पदर ओढून
मी याच टेबलावर व्हाउचर फाडत बसले होते.
माझ्या मस्टरात त्या दिवसापुढं फक्त 'ह' आहे.

"कुठली पंचमी," संघमित्रा म्हणाली,
"त्या चार दिवसांत मी गुंडाळ्या उघडल्या. लॉट सोळा.
रजिस्टरला माझी सही असंल."

प्रयोगशाळेचं रजिस्टर कंपनीचं. बोराडेचा हात तिथं पोचत नाही.
अकरा ऑगस्ट: उगवलेलं एकाहत्तर, वाकडं नऊ,
कुजलेलं आठ, कठीण बारा. सं. ख.
बारा ऑगस्ट. सं. ख.
तेरा. सं. ख., आणि समासात चहाच्या कपाचा गोल.
चौदा. सं. ख.

झेरॉक्स चार पानं, आठ रुपये, माझे.
सत्त्याहत्तर आणि चार, एक्याऐंशी.

गंमत अशी की सरासरी जागची हलली नाही.
वर चार दिवसांचा पगार वाढला, खाली चार दिवस वाढले,
उत्तर तेच, चारशे तीस.
चार दिवसांनी रुपयाही वाढवला नाही,
नुसती कडी काढली.
त्या चार दिवसांची मजुरी अजून बोराडेकडंच आहे. ती वेगळी फाइल.

साहेबांनी कागद तीन दिवस पेपरवेटखाली ठेवला,
चौथ्या दिवशी फोनवर बोलता बोलता सही केली.
छप्पन दिवसांचे आगाऊ, चोवीस हजार ऐंशी.
ती परतूरच्या एसटीत बसली, खिडकीशी, पाय समोरच्या बॅगेवर.
बाकीचे, दाखला आल्यापासून
अठ्ठेचाळीस तासांत द्यायचे, असा कायदा.
इथं तो कुणी घड्याळ लावून पाळल्याचं मी पाहिलेलं नाही.

नोव्हेंबरातली पंचविसावी रात्र, पावणेदोन.
मोबाइल उजळला. फोटो तिरका,
सरकारी दवाखान्याचा कागद, शिक्का अर्धा उमटलेला.
मुलगी. दोन किलो सहाशे.
खाली, थरथरत्या अक्षरात, सं. ख.

मी दिवा लावला. विजेच्या बिलामागं वेळ लिहिली.
पर्स ओढली.
एकशे सव्वीस गुणिले चार,
तीन, पुन्हा तीन,
शून्य.