उसळी

हिगाशी-ओसाकात, रेल्वेपुलाखालच्या गल्लीत
चाळीस वर्षं लेथचं तेल मुरलंय माझ्या नखांत.
साबणाने नाद सोडलाय.

मी खोट्या पिस्तुलांची काडतुसं करतो.
पितळ खरं, वजन खरं,
आत दारू नाही, पुढे गोळी नाही.
पिस्तुलाची नळी कायद्याने बुजवलेली, अंग पिवळंधमक,
लांबूनच कळावं, हे उगीचचं आहे म्हणून.

मग उरतं काय?
एक उसळी.
चाप ओढला की पाठीवरची पट्टी मागे जावी,
पुंगळी उजवीकडे उडावी,
चटईवर टणटणावी.
बस.
एवढ्यासाठी अकरा नमुने झाले.

पहिलं जागचं हललं नाही.
चौथं उडालं ते थेट मिसोच्या वाटीत;
बायकोने चॉपस्टिकने उचलून
माझ्या भातावर ठेवलं, वर एक शब्द नाही.
सातव्याला दम नव्हता,
रात्रभर दाबून ठेवलं तर
सकाळी स्प्रिंग म्हातारी.

स्प्रिंगा नाकात्सुजीबाईंच्या.
नवरा गेला तरी त्यांनी यंत्र बंद पडू दिलं नाही,
त्याचं स्टूल तेवढं भिंतीला लावून ठेवलंय.
तार चिमटीत धरून विचारलं,
"हिने ढकलायचं काय?"
म्हटलं, "काही नाही. स्वतःलाच."
त्या हसल्या नाहीत.
तार दिव्याखाली फिरवत राहिल्या.
"मग अवघड आहे.
समोर ओझं असलं
की स्प्रिंगला आपली ताकद कळते."

एक वेढा कमी केला त्यांनी.
भट्टीत जरा जास्त वेळ. किती, ते सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

बारावं काडतूस आठवडाभर
खणात दाबून ठेवलं.
रात्री पाणी प्यायला उठलो की
खणाशी उभा राहायचो,
आत कुणी श्वास कोंडून बसल्यासारखं.

सोमवारी त्यांच्याच दुकानात नेलं.
चाप त्यांनीच ओढला, दोन्ही हातांनी,
डोळे मिटून.
खटक्.
पुंगळी उडाली, फरशीवर दोनदा वाजली,
घरंगळत स्टुलाखाली गेली.

मी वाकणार, तोच म्हणाल्या,
"राहू दे. पुन्हा."

सात वेळा.

बिल आलं संध्याकाळी:
स्प्रिंगा सात, पैसे सहांचे.
सहा पुंगळ्या मी पिशवीत मोजून आणल्यात.