लुचणं

एका रात्रीत अकरा मेंढ्या सोडवल्यात मी,
कोपरापर्यंत हात घालून,
अडलेलं कोकरू आतल्या आत फिरवून.
नाकात काडी फिरवली की शिंकतं, श्वास घेतं.
मग तोंडात बोट घालायचं.
ऊब लागली, बोट ओढलं गेलं, तर जगेल.
गार लागलं तर चुलीजवळच्या खोक्यात.
एवढंच मला येतं.

मॅबली नऊ दिवसांची झाली
तेव्हा जन्मली त्याहून तीनशे ग्रॅम कमी भरली.
छातीला लागायची, दोन घोट, मग टक्,
नीट न बसलेल्या कडीसारखा आवाज.
पुन्हा धरायची. पुन्हा टक्.
मग ताठ व्हायची, मागे वाकून,
मुठी अशा आवळलेल्या की तळव्यांवर नखांच्या कोरी.
हेलेद पायाची बोटं फरशीत रुतवून पाजायची.
ओठाच्या कडेला आलेलं दूध गुलाबी.
माझंच चुकतंय, ती म्हणाली.
नाही, मी म्हणालो.
पुढचा शब्द सापडेना.

दरीतून श्यूअन आली, नर्स,
बूट दाराशी काढले, गरम पाण्यानं हात धुतले,
आणि करंगळी सरळ तिच्या तोंडात.
अगदी तसंच. मी बघतच राहिलो.
जीभ उचलतच नाही, म्हणाली, हिरडीनं चावते.
खाली दोर आहे. आखूड, जाड.
घरात आणखी कुणाला?

हेलेद माझ्याकडे वळली. जीभ काढ बाहेर.
छत्तीस वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं मला.
ओठांच्या पुढे येईना ती.
टोकाला खाच, बदामाच्या एक्क्यासारखी.

जिभेला हाड नसतं म्हणणाऱ्यानं
माझी जीभ बघायला हवी होती.
आमच्या भाषेत र गडगडावा लागतो,
खडीवरून गाडा गेल्यासारखा.
रीस मास्तर अख्ख्या वर्गापुढे
मला 'ऱ्हाफ' म्हणायला लावायचे.
ऱ्हाफ म्हणजे दोर.
तेव्हापासून मी मेंढ्यांशी जास्त बोलतो.

बँगरच्या दवाखान्यात कात्री चालली. दोन सेकंद.
शेकडो शेपट्यांना रबरी कड्या लावल्यात मी, मान न वळवता.
इथं मात्र भिंतीवरच्या लाल नळकांड्यावर
आग कशी विझवायची ते वाचत राहिलो.
रक्ताचा एक थेंब.
वाटलं, आता पिईल.

प्याली नाही.

दोर कापला, श्यूअन म्हणाली, पण जिभेला कुठं ठाऊक?
दोन आठवडे अंगानं हेच शिकलंय,
दूध म्हणजे झटापट.
चोखणं, गिळणं, श्वास घेणं,
तिघांची अजून ओळख व्हायचीय.
मेंदूतून एक नस निघते, भटकी,
घशातून काळजाशी, काळजातून पोटाशी हिंडते.
अंगाला धोका वाटला की तिचं कुणी ऐकत नाही.
उघड्या छातीवर घे तिला.
आणि काही करू नकोस.

काही न करणं मला येत नाही.

पहाटेचे तीन. चुलीच्या एका अंगाला
खोक्यातलं दुबळं कोकरू,
दुसऱ्या अंगाला सदरा काढून मी.
आमच्या मांजरीहूनही हलकी.
आधी माझंच काळीज धावत होतं.
मग चुलीतला ओंडका बसला, आणि तेही.
किती वेळ गेला कोण जाणे.
उजवी मूठ सुटली. एकेक बोट.
मग मान इकडे, मान तिकडे,
माझ्या केसाळ, कोरड्या, कामाच्या नसलेल्या छातीवर
तोंड उघडून ती शोधू लागली.

हेलेद, मी हाक मारली. हेलेद.

चार मिनिटं. टक् एकदाच.
गिळण्याचा आवाज, लहानसा, ओला;
खोक्यातले कान हलले.
पाचव्या मिनिटाला झोपली.
राहिलेलं बाटलीनं. वजन परवा.

मी बाटली विसळली,
खिडकीच्या काळ्या काचेकडे तोंड केलं
आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं
'ऱ्हाफ' म्हणून पाहिलं.

घसरला.