राखीव

नोव्हेंबरात नुसते राखीवच पाच होते.
मग तांडेलचा गुडघा, नायगावला –
पकड बसली, टाळ्या पडल्या,
त्या थांबल्यावर दिसलं, तो उठत नाहीये.
घाडीचं बोट.
नाचणकरचा खांदा, तोही सरावात, उगाच.

केईएमच्या हाडांच्या ओपीडीत
सोमवारी आमचा अख्खा डावा कोपरा बसलेला असतो.

काल उपांत्य फेरीला सहाच उरले.
सातवा मी: मंडळाचा हिशेबनीस, वय बेचाळीस,
अंगात तांडेलचीच जर्सी, पोटावर ताणलेली.

कबड्डीत बाद झालेला गडी
समोरचा एक मारला की परत येतो.
मी एक मारला. कसा, विचारू नका.
आणि सवयीने वळून बाकाकडे पाहिलं:
तांडेल,
कुबडी चाचपत,
अर्धा उठला होता.